टक्के नंतर मागा, आधी वेळ मागा : विकसनशील देशांच्या व्यापारमंत्र्यांना खुलं पत्र

विकसनशील देशांचे सगळे व्यापारमंत्री आणि तुमच्या वतीने जिनिव्हात, जागतिक व्यापार संघटनेच्या मुख्यालयात, नाहीतर आणखी कुठे कराराच्या टेबलावर बसणारे सगळे अधिकारी, तुम्हा सर्वांना नमस्कार.

पत्रास कारण की, मी बरीच वर्षं कॉलेजात अर्थशास्त्र शिकवतेय आणि मागच्या टर्मला वर्गात एका मुलीने विचारलेला प्रश्न काही केल्या डोक्यातून जात नाहीये. मी फळ्यावर इंग्रज अर्थशास्त्रज्ञ डेव्हिड रिकार्डोचं ते १८१७ सालचं उदाहरण मांडत होते, इंग्लंडने कापड करावं, पोर्तुगालने वाइन करावी, मग अदलाबदल करावी आणि दोघांचाही फायदा. आकृती काढली, या बिंदूवरून त्या बिंदूवर एक बाण काढला. ती म्हणाली, मॅडम तुम्हाला हा बाण काढायला एक सेकंद लागला, पण पोर्तुगालमधल्या विणकराला द्राक्षाची बाग उभी करायला किती वर्षं लागली असतील आणि तोपर्यंत तो काय खात होता?

मी लाँग रन, अ‍ॅडजस्टमेंट वगैरे काहीतरी बोलले, तास संपला. पण ते उत्तर नव्हतं हे मला तेव्हाच कळलं होतं आणि तिलाही कळलं असणार. नंतर विचार करताना वाटलं की हा प्रश्न खरं तर माझ्याकडे यायलाच नको होता, तो तुमच्याकडे यायला हवा, कारण मी बाण फळ्यावर काढते, तुम्ही तो करारात काढता आणि मग खरीखुरी माणसं इकडून तिकडे ढकलली जातात.

आधीच सांगते, मी जागतिकीकरणाच्या विरोधात नाही. १९९० मध्ये जगातली तिसऱ्या हिश्शाहून जास्त माणसं अत्यंत गरिबीत होती, कोरोनाच्या आधी ते प्रमाण १० टक्क्यांच्या खाली आलेलं होतं आणि यात सगळ्यात मोठा वाटा चीनचा आहे, जगाशी व्यापार केला नसता तर हे इतक्या वेगाने झालं असतं असं मला वाटत नाही. व्हिएतनामचं बघा, १९८० च्या दशकात धान्य बाहेरून आणावं लागणारा देश, १९८६ ला दोई मोई नावाच्या सुधारणा सुरू केल्या आणि १९८९ पर्यंत तांदूळ एक्स्पोर्ट करायला लागला, आज तिथून जगभर मोबाइल जातात. हे सगळं खरं आहे आणि जो कोणी म्हणतो की दारं बंद करून बसा म्हणजे गरिबी हटेल त्याच्याशी माझं जमत नाही.

पण ‘उघडायचं की बंद करायचं’ या वादात आपण तीस-पस्तीस वर्षं घालवली आणि त्यात मुख्य गोष्ट राहूनच गेली. ती म्हणजे वेग. आयात शुल्क एका रात्रीत उतरतं. पैसा एका क्लिकवर येतो आणि एका क्लिकवर जातो. कारखाना उभा राहायला पाच-सात वर्षं, तो जगाच्या स्पर्धेत टिकेल असा व्हायला पंधरा-वीस. शेतकऱ्याला पीक बदलायला काही हंगाम आणि पंचेचाळिशीतल्या माणसाला धंदाच बदलायचा असेल तर बहुतेक वेळा तो बदलत नाही, त्याची मुलं बदलतात. म्हणजे नुकसान लगेच होतं आणि फायदा सावकाश येतो, शिवाय नुकसान एका ठिकाणच्या ठराविक लोकांचं होतं, फायदा सगळ्यांमध्ये थोडाथोडा वाटला जातो. मधला जो काळ असतो ना, त्या काळातच देश एकतर तरतो किंवा बुडतो, आणि त्या काळाबद्दल करारांमध्ये सगळ्यात कमी बोललं जातं.

कॅरिबियनमधल्या हैतीचं उदाहरण मी दरवर्षी शिकवते आणि दरवर्षी मला ते जड जातं. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत हा देश स्वतःला लागणारा बहुतेक तांदूळ स्वतः पिकवायचा, आर्तिबोनित नावाचं खोरं आहे तिथलं, भातशेतीचं. १९८६ ला हुकूमशहा पळाला, मग बाजार उघडायला सुरुवात झाली आणि १९९५ मध्ये कर्ज आणि मदत देणाऱ्यांच्या दबावाखाली तांदळावरचं आयात शुल्क ३ टक्क्यांवर आणलं गेलं. समोरून येणारा तांदूळ अमेरिकेचा, तिथल्या सरकारी सबसिडीवर पिकलेला. म्हणजे एका बाजूला बैलसुद्धा नसलेला छोटा शेतकरी आणि दुसऱ्या बाजूला मशीन, सबसिडी आणि जहाजं, आणि मधली भिंत एका झटक्यात काढून टाकली. शहरातल्या गरिबांना काही वर्षं तांदूळ स्वस्त मिळाला हेही खरंच आहे, ते मी लपवत नाही. पण शेती मोडली, माणसं खोरं सोडून राजधानीच्या झोपडपट्ट्यांत आली आणि तिथे त्यांच्यासाठी कारखाने उभे राहिलेले नव्हते, कारण कारखान्यांना लागणारा वेळ कुणी मोजलाच नव्हता.

मग २००८ आलं. जगात तांदळाचे भाव भडकले आणि जो देश एकेकाळी स्वतःचा भात पिकवायचा तिथे लोक भुकेपोटी रस्त्यावर आले, दंगली झाल्या, एप्रिलमध्ये पंतप्रधानांना पद सोडावं लागलं. स्वस्त तांदळाची सवय लागली होती, स्वस्त तांदूळ संपला, आणि स्वतःचा पिकवायची ताकद तोवर गेली होती. २०१० च्या भूकंपानंतर मार्चमध्ये बिल क्लिंटन, जे १९९५ ला अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष होते, अमेरिकन सिनेटच्या समितीपुढे म्हणाले की या धोरणाचा आपल्या राज्यातल्या, अर्कान्सासच्या काही शेतकऱ्यांना फायदा झाला असेल पण ती चूक होती आणि हैतीने भात पिकवायची क्षमता गमावली त्याचे परिणाम मनावर घेऊन आपल्याला रोज जगावं लागतं. कबूल केलं याचं मला बरं वाटतं, पुष्कळ जण कबूलही करत नाहीत. पण बैल गेला अन् झोपा केला, पंधरा वर्षांनी चूक मान्य करून खोऱ्यातलं शेत परत उभं राहत नाही.

तुम्ही म्हणाल हैती म्हणजे टोकाचं उदाहरण, तिथे सरकारच धड नव्हतं. ठीक आहे, मेक्सिको घ्या. नाफ्टा हा अमेरिका, कॅनडा आणि मेक्सिको यांच्यातला मुक्त व्यापार करार १ जानेवारी १९९४ ला लागू झाला. मक्यासाठी मेक्सिकोच्या अधिकाऱ्यांनी भांडून चांगली मुदत मिळवली होती, शुल्क टप्प्याटप्प्याने उतरायचं होतं आणि २००८ ला पूर्ण शून्य व्हायचं होतं. ठरलेल्या कोट्याच्या वर जो मका येईल त्यावर शुल्क लावायची सोय करारातच होती. आणि झालं काय, तर सरकारने ते शुल्क जवळपास वसूलच केलं नाही, मका स्वस्त राहिला पाहिजे म्हणून कोट्याच्या वरचा मकाही तसाच आत येऊ दिला. म्हणजे पंधरा वर्षांची मुदत कागदावर मिळाली आणि पहिल्या दोन-तीन वर्षांतच स्वतःच्या हाताने सोडून दिली. ज्या देशात मक्याचा जन्म झाला त्या देशातल्या छोट्या शेतकऱ्याला तयारीसाठी जो काळ हक्काने मिळाला होता तो त्याला कधी दिसलाच नाही. उत्तरेकडच्या भागात गाड्यांचे कारखाने आले, एक्स्पोर्ट वाढला, हे फायदे खरे आहेत, पण दक्षिणेतला मका पिकवणारा उठून उत्तरेतल्या कारखान्यात इंजिन जोडायला जाऊ शकला नाही, फारतर सीमा ओलांडून मजुरीला गेला.

म्हणून मला तुम्हाला सांगायचंय की नुसती मुदत मिळवणं पुरत नाही, ती वापरावी लागते. त्या काळात पाणी, रस्ते, कर्ज, बियाणं, शाळा यातलं काहीतरी घडलं पाहिजे. मुदत घेऊन नुसतं बसून राहणारेही देश झालेत आणि तिथे संरक्षणाच्या आड मूठभर उद्योगपती गब्बर झाले, ग्राहकाला वर्षानुवर्षं भंगार माल महाग मिळत राहिला, तो इतिहास मला विसरायचा नाहीये आणि तुम्हीही विसरू नका.

वेळ नीट वापरणाऱ्यांची उदाहरणंही आहेत ना. दक्षिण कोरियाने १९७८ पासून एक व्यवस्था चालवली ज्यात जपानी गाड्यांसकट कितीतरी जपानी माल देशात येऊच द्यायचा नाही असं ठरलेलं होतं आणि ती व्यवस्था १९९९ पर्यंत चालली. वीस वर्षं! पण त्याच वीस वर्षांत सरकारने आपल्या कंपन्यांना सांगितलं होतं की आतल्या बाजारात तुम्हाला संरक्षण मिळेल पण बाहेर विकून दाखवा, एक्स्पोर्टचं टार्गेट पूर्ण करा तरच कर्ज. आत सावली, बाहेर ऊन, असा तो प्रकार. कोरियन गाड्या आज कुठे आहेत ते सगळ्यांना माहितीय.

आणि भारताची औषधं. १९७० च्या पेटंट कायद्याने औषधाच्या रेणूवर पेटंट देणं बंद केलं, फक्त बनवायच्या पद्धतीवर दिलं, त्यामुळे आपल्या केमिस्टांनी तेच औषध वेगळ्या पद्धतीने बनवायला सुरुवात केली. १९९५ ला ट्रिप्स, म्हणजे जागतिक व्यापार संघटनेचा पेटंट वगैरेंबद्दलचा करार आला तेव्हा विकसनशील देशांना औषधांच्या पेटंटसाठी दहा वर्षांची मुदत मिळाली, भारताने ती २००५ पर्यंत पुरेपूर वापरली. मधल्या काळात, २००१ ला, सिप्ला या कंपनीने एड्सवरच्या तीन औषधांचा एका रुग्णाचा वर्षाचा खर्च साधारण ३५० डॉलरवर आणून दाखवला, तेव्हा मोठ्या कंपन्यांच्या त्याच औषधांना दहा हजार डॉलरच्या वर लागायचे. आफ्रिकेत किती जीव त्यामुळे वाचले. म्हणजे वेळ मागणं याचा अर्थ पळवाट काढणं नाही, त्या वेळात जगाच्या कामाला येईल असं काही घडू शकतं.

आता जी गोष्ट टेबलावर तुम्हाला कायम ऐकवली जाते तिच्याकडे येते. तुम्हाला सांगतात की बदल पटकन केलेला बरा, कडू औषध एका घोटात घ्यावं. मंत्री महोदय, पुढच्या वेळी कोणी असं म्हटलं की त्यांना कापडाचा इतिहास विचारा. गरीब देशांतून येणाऱ्या स्वस्त कापडापासून आपल्या गिरण्या वाचवायला श्रीमंत देशांनी १९६१ ला ‘थोड्या काळासाठी’ म्हणून सुती कापडावर मर्यादा घातली. ती १९७४ ला मल्टिफायबर करारात गेली आणि जवळजवळ सगळ्या कापडावर, कपड्यांवर देशागणिक कोटे आले. १९९५ ला हे सगळं संपवायचं ठरलं तेव्हाही त्यांनी आणखी दहा वर्षं मागून घेतली आणि त्या दहा वर्षांतसुद्धा खरे महत्त्वाचे कोटे शेवटच्या दिवसापर्यंत राखून ठेवले, ते १ जानेवारी २००५ ला उठले. चाळीस वर्षांहून जास्त! आपल्या गिरणी कामगारांना सावरायला त्यांना चाळीस वर्षं लागली आणि मला त्यात गैर काहीच दिसत नाही, कामगार त्यांचाही माणूसच आहे. फक्त तोच न्याय भाताच्या खोऱ्यातल्या माणसाला का नाही? कापसाचंही तेच, २००३ ला जागतिक व्यापार संघटनेच्या कानकुनच्या परिषदेत बेनिन, बुर्किना फासो, माली आणि चाड या चार गरीब देशांनी हात जोडून सांगितलं होतं की तुमच्या सबसिडीमुळे आमचा कापूस मातीमोल होतोय, त्याला वीस वर्षं उलटून गेली आणि त्या सबसिडीचा प्रश्न अजून पुरता सुटलेला नाही. म्हणजे श्रीमंतांना वेळ मिळतच राहतो.

आणि गरीब देशाने वेळ मागितला तर काय होतं तेही बघा. २०१६ मध्ये पूर्व आफ्रिकेतल्या देशांनी ठरवलं की परदेशातून गठ्ठ्यांनी येणारे वापरलेले कपडे हळूहळू थांबवायचे म्हणजे आपला कापड उद्योग उभा राहील. अमेरिकेने इशारा दिला की मग आमच्या बाजारात बिनशुल्क माल पाठवायची सवलत जाईल. बाकीचे मागे सरले, रवांडा सरला नाही आणि २०१८ ला त्याच्या कपड्यांची सवलत निलंबित झाली. एवढासा देश. इंडोनेशियाने २०२० पासून कच्चं निकेल बाहेर पाठवणं बंद केलं, म्हणाले प्रक्रिया इथेच करा, कारखाने इथे काढा. युरोपियन युनियनने तक्रार केली आणि २०२२ च्या शेवटी जागतिक व्यापार संघटनेच्या पॅनेलने इंडोनेशियाच्या विरोधात निकाल दिला. तिथे कारखाने आले हे खरं, पण ते दगडी कोळशाच्या विजेवर चालतात, जंगल आणि समुद्र दोन्हीची नासाडी झालीये, त्यामुळे ते आदर्श मॉडेल आहे असं मी म्हणणार नाही. पण कच्चा माल विकत राहायचं की शिकायचं हे ठरवायचा हक्क तरी देशाकडे असायला हवा की नको?

पैशाच्या वेगाबद्दल तर वेगळंच पत्र लिहावं लागेल पण थोडक्यात लिहिते. १९९६ मध्ये पूर्व आशियातल्या पाच देशांत, थायलंड, इंडोनेशिया, मलेशिया, फिलिपिन्स आणि दक्षिण कोरियात, सुमारे ९,३०० कोटी डॉलर खाजगी परकीय भांडवल आलं आणि १९९७ मध्ये सुमारे १,२०० कोटी डॉलर उलटं बाहेर गेलं. २ जुलै १९९७ ला थायलंडने आपलं चलन, बाथ, ठरलेल्या दराला धरून ठेवणं सोडून दिलं, डॉलरला २५ च्या आसपास असलेला बाथ जानेवारीपर्यंत ५० च्या पलीकडे गेला. ज्या कंपनीने डॉलरमध्ये कर्ज घेतलं होतं तिचं कर्ज सहा महिन्यांत दुप्पट झालं, तिची काही चूक नसताना. इंडोनेशियात तर मे १९९८ ला तीस वर्षांची राजवट कोसळली आणि त्याआधी जी जाळपोळ झाली त्यात सामान्य माणसं मेली. मलेशियाने सप्टेंबर १९९८ ला पैसा बाहेर न्यायला बंधनं घातली, चलन डॉलरला ३.८० ला बांधलं, तेव्हा सगळ्यांनी नावं ठेवली, आता यांच्याकडे कोणी फिरकणार नाही म्हणाले, पण मलेशिया सावरला. त्याच्या आधी चिलीने १९९१ पासून काही वर्षं एक साधा नियम केला होता, बाहेरून आलेल्या पैशाचा ठराविक हिस्सा, एका टप्प्यावर ३० टक्के, वर्षभर सेंट्रल बँकेत बिनव्याजी ठेवायचा. ज्याला दहा वर्षं राहायचंय त्याला हे काहीच जड नाही, ज्याला तीन महिन्यांत पळायचंय त्यालाच ते महाग पडतं. मला हा नियम फार आवडतो, कारण तो पैशाला माणसाच्या वेगाने चालायला लावतो. २०१२ ला आंतरराष्ट्रीय नाणेनिधीनेसुद्धा मान्य केलं की काही परिस्थितीत अशी बंधनं योग्य असू शकतात. पण तुमचे कितीतरी नवे करार असे आहेत की भांडवल मोकळेपणी नेऊ देण्याचं कलम त्यात आधीच बसलेलं असतं, म्हणजे संकट आलं तर नाणेनिधी हो म्हणेल आणि तुमचाच करार नाही म्हणेल. हे कलम सही करताना कोणी वाचलं होतं का असा मला खरंच प्रश्न पडतो.

वाचायचीच तर गुंतवणूक संरक्षण करारांमधली एक ओळ वाचा. करार रद्द केला तरी आधी आलेल्या परदेशी गुंतवणूकदाराला पुढे दहा, पंधरा, काही करारांत वीस वर्षं तेच संरक्षण मिळत राहील, अशी ती ओळ असते. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी पेन खाली ठेवलं होतं. म्हणजे परिस्थिती बदलली तर सावरायला वेळ लागतो हे करार लिहिणाऱ्यांना नीट माहितीय, तो वेळ वर्षांत मोजून कलमात कसा लिहायचा हेही माहितीय, फक्त तो भांडवलासाठी लिहिला जातो. भात पिकवणाऱ्याला एक हंगाम नाही आणि गुंतवणूकदाराला करार मेल्यानंतरही पंधरा वर्षं!

कामगारांकडे मात्र हाच वेळ उलटा येतो, त्यांना तो अजिबात देत नाहीत. बांगलादेशच्या एक्स्पोर्टमध्ये ८० टक्क्यांहून जास्त वाटा कपड्यांचा आहे, लाखो बायकांच्या हातात पहिल्यांदा स्वतःचा पगार आला, मुली शाळेत जास्त वर्षं राहायला लागल्या, लग्नं उशिरा व्हायला लागली, हे फार मोठं आहे आणि मी ते कमी लेखणार नाही. पण २३ एप्रिल २०१३ ला ढाक्याजवळच्या साभार गावातल्या राणा प्लाझा इमारतीला तडे दिसले, खालच्या मजल्यावरची बँक आणि दुकानं बंद झाली आणि वरच्या कारखान्यांतल्या कामगारांना मात्र दुसऱ्या दिवशी सकाळी कामावर बोलावलं. ऑर्डरची तारीख होती. २४ ला इमारत पडली, १,१३४ माणसं गेली. एक दिवस थांबायला वेळ नव्हता. आणि त्यानंतर काही आठवड्यांत, मे महिन्यात, परदेशी ब्रँड आणि कामगार संघटना यांच्यात इमारतींच्या सुरक्षेचा कायद्याने बांधील असा करार झाला, त्याने खरंच फरक पडला, कितीतरी कारखाने तपासले गेले, दुरुस्त झाले. म्हणजे मनात आलं तर हेही करारात लिहिता येतं, आणि पटकन लिहिता येतं. आधी का लिहिलं नाही हा प्रश्न तुमच्या पदावर तेव्हा जे बसले होते त्यांना लागू होतो, आणि पुढच्या इमारतीच्या बाबतीत तुम्हाला.

एकाच बाजारावर आणि एकाच मालावर अख्खा देश उभा केला तर काय होतं ते आफ्रिकेतल्या लेसोथो या छोट्या देशाने २०२५ मध्ये पाहिलं. अमेरिकेच्या सवलतीवर भरवसा ठेवून पंचवीस वर्षांत तिथे कपड्यांचे कारखाने उभे राहिले होते, २ एप्रिलला ५० टक्के शुल्काची घोषणा झाली, मग ती पुढे ढकलली, मग ऑगस्टमध्ये १५ टक्के झालं. पण मधल्या महिन्यांत ऑर्डरी थांबल्या, माणसं घरी बसली, जुलैत सरकारला बेरोजगारीवरून राष्ट्रीय आपत्ती जाहीर करावी लागली. आकडा नंतर कमी झाला म्हणून त्या महिन्यांचा पगार परत मिळाला नाही.

मग मी तुमच्याकडे मागतेय काय? प्रत्येक करारात शुल्क किती उतरणार यावर तुम्ही रात्र रात्र भांडता, तितकंच किती वर्षांत उतरणार यावर भांडा, आणि ती वर्षं गोल आकड्यात घेऊ नका, त्या त्या धंद्याला खरंच किती लागतील ते त्या धंद्यातल्या माणसांना विचारून घ्या. आयात अचानक वाढली तर तात्पुरतं शुल्क परत लावायची सोय ठेवा आणि ती अशी ठेवा की तुमचा छोटा देश प्रत्यक्षात वापरू शकेल, वकिलांची फौज लागेल अशी नको. एकदा सैल केलेला नियम पुन्हा कधीच घट्ट करता येणार नाही असं जे रॅचेटचं कलम आजकाल करारात घालतात त्यावर सही करू नका, तुमच्यानंतर येणाऱ्या सरकारचे हात बांधायचा अधिकार तुम्हाला लोकांनी दिलेला नाही.

आणि ज्यांचं नुकसान होणार त्यांचा निधी त्याच कागदात, त्याच दिवशी. नंतर बघू म्हटलं की ती वरातीमागून घोडं अशी गत होते. अमेरिकेने व्यापारामुळे नोकरी गेलेल्यांसाठी मदतीची योजना १९६२ पासून चालवली, २०२२ पर्यंत चालली. युरोपियन युनियनचा याच कामासाठीचा फंड २००७ पासून आहे. त्या योजना पुरेशा होत्या असं तिथले कामगारही म्हणणार नाहीत पण निदान श्रीमंत देशांनी हे मान्य तरी केलं की खुल्या व्यापारात कोणीतरी हरतं आणि ते कोण हे शोधता येतं. गरीब देशात अडचण दुहेरी असते, कारण आयात शुल्क हेच कितीतरी गरीब सरकारांचं मोठं उत्पन्न असतं, ते उतरलं की तिजोरी रिकामी, मग ती भरायला व्हॅट वाढतो आणि तो भरतो कोण, तर ज्याचा धंदा नुकताच बुडाला तोच माणूस दुकानात काहीही घेताना भरतो. म्हणून निधीचा वाटा समोरच्या पक्षाकडूनही मागा. बाजार त्यांना मिळतोय, तर बाजार उघडायच्या खर्चात त्यांचा हात असलाच पाहिजे.

तुमची अडचण मला माहीत नाही असं नाही. काही छोट्या देशांचं जिनिव्हात कायमचं ऑफिससुद्धा नसतं, दोन-तीन माणसं पंधरा समित्यांना पळत असतात, समोर शंभर जणांचं पथक, आणि मागून स्वतःच्याच सरकारचा फोन येतो की लवकर उरका, परिषद संपायच्या आत बातमी हवी. कर्जाचा हप्ता अडकलेला असतो. अशा वेळी नाही म्हणायला किती ताकद लागत असेल याची मला कल्पना आहे आणि जे म्हणतात त्यांच्याबद्दल मला आदर आहे. पण म्हणूनच म्हणते की एकटे म्हणू नका. २००१ ला दोहाच्या व्यापार परिषदेत विकसनशील देश एकत्र उभे राहिले म्हणून तर सार्वजनिक आरोग्यासाठी पेटंटच्या नियमांतून सवलत घेता येते हे सगळ्यांना लेखी मान्य करावं लागलं. आणि सहीच्या आधी मसुदा आपल्या लोकांना वाचायला द्या, त्यांच्या भाषेत, त्यांना कळेल असा. गुप्त वाटाघाटीतून आलेला करार लोकांना कळतो तेव्हा त्यावर शाई वाळलेली असते.

शेवटी एका कागदाबद्दल लिहिते. मुक्त व्यापार कराराच्या शेवटी शेकडो पानांचं परिशिष्ट असतं, एकेका वस्तूची एकेक ओळ, कोड, नाव, आजचं शुल्क आणि त्यापुढे एक छोटा रकाना ज्यात नुसतं एखादं अक्षर किंवा आकडा असतो. एका अक्षराचा अर्थ लगेच शून्य, दुसऱ्याचा पाच वर्षांत, तिसऱ्याचा दहा, आणि एखाद्याचा ही वस्तू सोडून द्या. टीव्हीवर कधी कोणी तो रकाना दाखवत नाही. माझ्या विद्यार्थिनीने विचारलं होतं ते त्या रकान्याबद्दलच होतं. पुढच्या वेळी तुमच्यासमोर ते परिशिष्ट येईल तेव्हा तुमच्या देशात सगळ्यात जास्त हात ज्या दहा-वीस ओळींवर जगतात त्या ओळी आधी शोधा, ती वस्तू पिकवणाऱ्या नाहीतर बनवणाऱ्या माणसांना बोलवा, त्यांना विचारा किती वर्षं लागतील, आणि ते सांगतील तोपर्यंत तो रकाना रिकामा ठेवा.

आपली,
अर्थशास्त्राची एक शिक्षिका